'पेशंटला न कळत दारू सोडवा': त्या पुडीत नेमकं असतं काय?

सांजवात (धागाकर्ती)
एसटी स्टँडची भिंत, रिक्षाची पाठ, पेपरातली छोटी जाहिरात, सगळीकडे एकच मजकूर: 'दारू सोडवा, पेशंटला न कळत. चहात, भाजीत, वरणात मिसळा. पुडी घरपोच.' खाली मोबाईल नंबर. घेणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, बायको नाहीतर आई.

माझे प्रश्न तीन. पुडीत काय असतं? न सांगता दिली तर चालते का? आणि चालत नसेल तर घरच्यांनी करायचं काय? 'व्यसन वाईट असतं' हे कृपया कोणी सांगू नका. जिची पोत गहाण पडली आहे तिला ते पाठ असतं. औषध, मात्रा, कायदा यातलं ज्यांना कळतं त्यांनी लिहावं.

औषधवाला
पुडीवर घटक छापलेले नसतात, त्यामुळे काय असतं हे छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही. नुसती हळद आणि साखरही असेल. पण पुडी सुरू झाल्यावर माणूस प्यायला आणि लाल होऊन ओकायला लागला, तर पहिला संशय डायसल्फिराम या दारू सोडवायच्या औषधावर घ्यायचा.

दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं अॅसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. अॅसिटाल्डिहाइड रक्तात साठतं आणि १०-३० मिनिटांत चेहरा तापतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. हे १९४८ साली डेन्मार्कमध्ये पुढे आलं. त्याआधी अमेरिकेत रबर कारखान्यातल्या कामगारांना याच जातीच्या रसायनामुळे दारू सोसेनाशी झाल्याचं दिसलं होतं.

औषध चांगलं आहे, पण ते भीतीवर चालतं. 'मी गोळी घेतली आहे, आता प्यायलो तर मरणाचा त्रास होईल' हे घेणाऱ्याला ठाऊक असणं हाच त्याचा अर्धा परिणाम. न सांगता दिलंत तर तो अर्धा गेला, हातात उरलं फक्त विष.

हजरजबाबी
म्हणजे 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी काढून टाकायची आणि कुत्रा मोकळा सोडायचा. :)

औषधवाला
@हजरजबाबी, अगदी. त्यात हे पाण्यात विरघळत नाही. चहात टाकलं तर कपाच्या तळाशी गाळासारखं बसतं. एखाद्या दिवशी तो तळ फेकून देतो, एखाद्या दिवशी ढवळून पितो. म्हणजे मात्रा काय गेली ते देणारीलाही कळत नाही. शिवाय तोंडाला लसणासारखी किंवा धातूसारखी चव येते. माणूस चहाला नावं ठेवायला लागतो, मग पुडी वरणात जाते आणि त्याबरोबर घरातल्या पोरांच्या पोटातही.

कोणाला देऊ नये: हृदयविकार, यकृत बिघडलेलं, भास-भ्रमाचा आजार, गर्भवती. मेट्रोनिडॅझोल (जंतुसंसर्गावरची गोळी) चालू असेल तर अजिबात नाही, भ्रम होऊ शकतो. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं) किंवा फेनिटॉइन (फिटवरचं) चालू असेल तर त्यांची रक्तातली पातळी वाढते. क्वचित औषधानेच कावीळ होते, म्हणून आधी आणि नंतर यकृताची तपासणी लागते. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

वैद्यबुवा नाही
भर घालतो. डायसल्फिराम चालू असताना आसव-अरिष्टं बंद. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेला मद्यांश असतो, साधारण ५ ते १० टक्के. खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे अर्क, दाढीनंतरचं लोशन, हात धुवायचं सॅनिटायझर हेही त्याच यादीत. ज्याला पुडी चालू असल्याचं ठाऊकच नाही तो हे सगळं टाळणार कसा?

भाकरीचा चंद्र
सगळं पटलं, पण 'संमती' हा शब्द शहरी वाटतो. पगार उडवून रात्री बायकोच्या केसांना धरणाऱ्याची संमती कशी घ्यायची? पुडीने तो आठ दिवस घाबरला तर ते आठ दिवस ती झोपते तरी. त्याचं मोल काहीच नाही?

औषधवाला
मोल आहे, नाही म्हणत नाही. पण नंतर काय होतं तेही बघा. उलट्या झाल्यावर त्याचा निष्कर्ष असतो 'माल खराब होता'. तो दुकान बदलतो, नाहीतर देशी सोडून हातभट्टीकडे वळतो. दुसरी शक्यता, हृदय आधीच कमजोर असेल तर बीपी कोसळून जीव जातो आणि पुडी देणारी अडकते. तिसरी, तो खरंच घाबरतो आणि एकदम दारू बंद करतो. जाहिरातवाला हीच शक्यता विकतो, आणि रोज पिणाऱ्यात ती धोक्याची असू शकते.

वॉर्ड नंबर चार
या तिसऱ्या शक्यतेवर लिहिते, कारण धाग्यातलं सर्वात महत्त्वाचं हेच आहे आणि लोकांना ते उलटं वाटतं.

दारू मेंदूवर ब्रेकसारखी बसते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या ब्रेकवर मात करायला अॅक्सिलरेटर दाबून ठेवतो. दारू काढली की ब्रेक सुटतो आणि अॅक्सिलरेटर तसाच राहतो. घड्याळ साधारण असं:

६-८ तास: हात थरथरणं, घाम, मळमळ, छाती धडधडणं, झोप नाही. सकाळी 'उतारा' घेतल्यावर हात स्थिर होतो तो यामुळेच.
६-४८ तास: फिट येऊ शकते. आधी कधी आलेली नसली तरी.
४८-९६ तास: डिलिरियम. दिवस-रात्र कळत नाही, ताप, बीपी वर, भिंतीवर किडे, अंगावर मुंग्या. उपचार नसतील तर यात माणूस दगावतो.

फसगत कुठे होते? माणूस मांडीचं हाड मोडून अस्थिरोग वॉर्डात दाखल होतो. 'दारू घेतात का?' विचारलं की घरचे म्हणतात, 'नाही हो, कधीतरी.' ऑपरेशन छान होतं. तिसऱ्या रात्री तो सलाईनची नळी उपटतो, चादरीवरून दिसत नसलेलं काहीतरी चिमटीत धरून बाजूला टाकत राहतो, दाराकडे बघून मेलेल्या काकाशी बोलतो. नातेवाईक म्हणतात भूल बाधली, म्हातारी म्हणते बाहेरचं लागलं, आणि अंगारा येतो. पहिल्या दिवशी 'रोज दोन क्वार्टर' एवढे तीन शब्द केसपेपरवर लिहिले असते तर ही रात्र बहुधा आलीच नसती. अब्रू झाकायची तर गल्लीत झाका, डॉक्टरसमोर नको.

हिशेबनीस
'दोन क्वार्टर' म्हणजे किती ते आकड्यात बघू. देशी असो की आपल्याकडची व्हिस्की-रम, तीव्रता साधारण ४२.८ टक्के. ३० मिलिचा छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलिची क्वार्टर म्हणजे ६१ ग्रॅम. ६५० मिलिची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. 'मी दारू पीत नाही, फक्त दोन बिअर' म्हणणारा आठ पेग पितो.

आता उतरायचं गणित. १०० मिलि रक्तातलं प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं, सराईताचं थोडं जास्त. ७० किलोच्या पुरुषाने रात्री ८ ते १२ मध्ये दोन क्वार्टर संपवल्या तर सकाळी आठला १०० मिलि रक्तात ७०च्या आसपास उरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा आहे ३०. म्हणजे आंघोळ, कांदेपोहे, गंध लावून स्कूटरवर निघालेला माणूस कायद्याने दुपटीहून जास्त प्यायलेला असतो. दंड पहिल्या वेळी १०,००० रुपये किंवा सहा महिने किंवा दोन्ही.

हजरजबाबी
लिंबूपाणी? ताक? काळी कॉफी?

हिशेबनीस
झोपाळू दारुड्याचा जागा दारुडा होतो. आकडा तोच.

आषाढस्य
@वॉर्ड नंबर चार, तुमच्या घड्याळावरून एक आठवलं. आपल्याकडे हे प्रकरण पंचांगाला बांधलेलं आहे. गटारीला आकंठ, आणि श्रावण लागला की महिनाभर बंद. ज्याला ते जमतं तो 'मी श्रावण पाळतो, मी कुठला व्यसनी' म्हणत उरलेले अकरा महिने पितो. ज्याला शरीराने जमत नाही तो श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरतो, आणि लोक म्हणतात उपास बाधला. पंढरीची माळ घालून सोडणाऱ्यांनाही हेच लागू. माळेची ताकद मोठी आहे, पांडुरंगासमोर घातलेली माळ मोडायला माणूस खरंच घाबरतो. पण पहिला आठवडा डॉक्टरच्या हाताखाली काढून मग माळ घालावी.

वॉर्ड नंबर चार
+१. घरी सोडणं कुणाला चालेल आणि कुणाला नाही, एवढं पक्कं ठेवा. आधी फिट किंवा डिलिरियम झालेलं, सकाळी उतारा लागणारा, यकृत-हृदय-मधुमेहाचा त्रास, वय जास्त, घरात लक्ष ठेवायला कोणी नाही: यांपैकी एकही असेल तर दाखलच करायचं. बाकीच्यांना डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देऊन ५-७ दिवसांत कमी करत आणतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. ही गोळी आणि दारू एकत्र गेली तर श्वास मंदावतो, म्हणून पाकीट घरच्यांच्या हातात, रुग्णाच्या उशाखाली नाही.

आणि एक कळकळीची विनंती. 'अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा' म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेऊ नका. पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१, संपत आलेलं असतं. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. आधी थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलेलंही संपतं. मग डोळे नीट फिरत नाहीत, चाल झोकांड्या खाते, माणूस गोंधळतो. वेळ गेली तर स्मृती कायमची जाते. तो सकाळचं जेवण विसरतो आणि जेवल्याची गोष्ट रचून सांगतो. बाटली लावणाऱ्याला विचारा, 'थायमिनचं इंजेक्शन आधी दिलं का?' राग आला तर येऊ दे.

माजघर
पुडीचा विषय सोडून जरा बाजूला. गावातलं दुकानच बंद केलं तर? आडवी बाटलीची पद्धत कुणी सांगेल का?

सातबारा
सांगतो. २००८च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन लागतं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. खरी मेख इथे आहे: निम्म्याहून जास्त मतं झालेल्या मतदानाची नव्हे, तर एकूण नोंदलेल्या महिला मतदारांची लागतात. यादीत १००० नावं असतील तर किमान ५०१ आडव्या हव्यात, भले मतदानाला ६००च आल्या असोत.

त्यामुळे हार होते ती यादीमुळे. लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेल्या आज्या, ऊसतोडीला गेलेल्या बायका ही सगळी नावं उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखीच. म्हणून सह्या गोळा करण्याआधी यादी साफ करून घ्या, आणि मतदानाचा दिवस तोडणीच्या हंगामात पडणार नाही असं बघा. दुकानदार त्या दिवशी गाडी पाठवून बायकांना देवदर्शनाला नेतो असंही ऐकिवात आहे.

आणि हे फक्त परवानाधारक दुकानाला लागू. हातभट्टी आणि टपरीवरचा चोरटा माल यांना मतपत्रिका लागत नाही.

भाकरीचा चंद्र
तेच तर. चंद्रपुरात २०१५ला बंदी आली, २०२१ला उठली. बंदीने फक्त भाव वाढतो.

सातबारा
@भाकरीचा चंद्र, फक्त भाव नाही. भाव वाढला की नवीन पोरगं सुरू करायला कचरतं, हे तुम्ही सोडून देता. गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे आणि तिथे गावागावात उपचार, ग्रामसभा, विक्रेत्यांवर दबाव असं जोडकाम झालं. नुसता कायदा आणि कायद्यासोबतचं जोडकाम यात फरक आहे. चोरटी विक्री वाढते हे मात्र मान्य.

औषधवाला
चोरट्या मालावर एक तातडीची गोष्ट. २०१५च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलने. लोक समजतात गूळ-नवसागर जास्त झाला म्हणून. तसं नाही, औद्योगिक मिथेनॉल मिसळलं म्हणून. ते शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं, आणि ते व्हायला वेळ लागतो. १२-२४ तास माणूस बरा वाटतो. मग पोटात कळ, दम लागणं, आणि 'समोर धुकं दिसतंय', 'सगळं पांढरं दिसतंय'. हे वाक्य ऐकलं की झोपू देऊ नका, थेट डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात. फोमेपिझोल हे उतारऔषध आहे, नसेल तर डॉक्टर मोजून इथेनॉल देतात. बरोबर कोण कोण प्यायलं त्यांनाही बोलवा, त्रास नसला तरी.

सांजवात
धन्यवाद सगळ्यांना, पण माझा तिसरा प्रश्न राहिलाच. तो तयार नसेल तर?

कलमकसाई
दोन वेगळे प्रश्न एकात मिसळू नका. मारहाण हा एक आणि व्यसन हा दुसरा. मारहाणीसाठी तो सुधारायची वाट बघायची नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळतो आणि राहत्या घरातून तिला काढता येत नाही असा निवासाचा आदेशही मिळतो. अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे. तातडीला ११२, महिला मदतीला १८१.

उपचारासाठी २०१७चा मानसिक आरोग्य कायदा बघा. त्यात दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. कलम ८९ प्रमाणे संमतीशिवाय दाखल करता येतं, पण अटी आहेत: स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःची काळजी घेता न येणं यांपैकी काही अलीकडे घडलेलं हवं. दोन जणांनी स्वतंत्र तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक. 'रात्री गाडी पाठवतो, चार माणसं उचलून नेतील, सहा महिने भेट नाही' म्हणणारं केंद्र या कायद्यात बसत नाही. साखळीला बांधणं तर सरळ निषिद्ध.

वॉर्ड नंबर चार
केंद्र बघायला जाताना हे विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा. रात्री ड्यूटीवर कोण असतं? पहिल्या पाच दिवसांचा नाडी-बीपीचा तक्ता ठेवता का? फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता? स्वयंपाकघर आणि संडास बघू द्या. शेवटच्या विनंतीला जो आढेवेढे घेतो तिथून बाहेर पडा. पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, नाहीतर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं. फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून आहे, कुटुंबाला बरोबर घेऊन कसं काम करायचं ते तिथे बघण्यासारखं.

फक्त आजचा दिवस
तो तयार नसेल तेव्हा घरच्यांनी एक काम आजपासून करायचं: पांघरूण काढायचं. साहेबाला 'ताप आहे' असा फोन करायचा नाही. वाण्याची, बारची उधारी फेडायची नाही. ओकलेलं त्याने उठल्यावर त्यालाच पुसू द्यायचं. प्यायलेला असताना भाषण द्यायचं नाही, त्याला काही आठवत नाही आणि तुमचा घसा बसतो. सकाळी दहाच्या सुमाराला, हात थरथरतोय आणि लाज वाटतेय तेव्हा, एकाच वाक्यात बोलायचं आणि दवाखान्याची वेळ हातात ठेवायची. ती खिडकी तास-दोन तासच उघडी असते. तो एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला येत नसेल तर तुम्ही अल-अनॉनला जा, ते घरच्यांसाठीच आहे.

धमकी द्याल ती पाळता येईल अशीच द्या. 'घर सोडून जाईन' दहा वेळा म्हणून एकदाही न गेलेल्या माणसाचं वजन शून्य.

हजरजबाबी
विनोद सुचत नाहीये. वाचतोय.

औषधवाला
पुढचं औषधाचं. दारू सुटल्यावर तलफ दाबायला नालट्रेक्सोन रोज ५० मिग्रॅ. ट्रमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामक गोळी चालू असेल तर चालत नाही. अकॅम्प्रोसेट ३३३ मिग्रॅच्या दोन-दोन गोळ्या तीनदा, मूत्रपिंड ठीक असेल तर. सिरोसिस झालेल्यात बॅक्लोफेनचा विचार होतो. यातलं कोणतंही औषध दारू प्यायल्यावर माणसाला लाल करून ओकायला लावत नाही, म्हणून जाहिरातीत चालत नाही. झोप बिघडलेली काही आठवडे राहते, आणि बरेच जण त्या झोपेसाठीच परत पितात. हे आधी सांगून ठेवा.

सांजवात
शेवटचं विचारते. समजा पुडी सुरू केलेलीच आहे. दहा-बारा दिवस झाले. आता?

औषधवाला
आजच बंद. पुडी आणि तिचा कागद फेकू नका. त्याला सांगा, कितीही अवघड वाटलं तरी, कारण पुढचे दोन आठवडे दारूचा घोट धोक्याचा आहे आणि ते त्याला ठाऊक हवं. रोज पिणारा असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून लगेच डॉक्टरकडे न्या. सांगताना एकटी नको, घरात दीर, भाऊ कोणीतरी हवं. प्यायला आणि लाल झाला, घाम फुटला, तर आडवं निजवून पाय उंच, उलटी होत असेल तर कुशीवर, आणि रुग्णालय.

वॉर्ड नंबर चार
आणि सोबत अर्ध्या कागदावर एवढं लिहून न्या: रोज किती क्वार्टर, किती वर्षं. शेवटचा घोट कधी. सकाळी उतारा लागतो का. आधी फिट आली का. बाकी कुठल्या गोळ्या. पुडी कधीपासून, कशात मिसळून. कागद केसपेपरला टाचायला सांगा. तोंडी सांगितलेलं ड्यूटी बदलली की हरवतं.

सांजवात
कागदावर घटक नाहीत. लक्ष्मीचं चित्र आणि एक मोबाईल नंबर.

औषधवाला
तरी न्या.